बांधापलीकडचं पाणी

पवनानगरच्या स्टँडवर उतरलेली पोरं हल्ली बॅगा खाली ठेवायच्या आधीच विचारतात, "इथला बीच कुठल्या बाजूला आहे?" पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. माझी खाणावळ स्टँडच्या समोरच आहे, म्हणून हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. आता मी न हसता, पिठाच्या हातानेच उजवीकडची वाट दाखवते. समुद्र इथून घाट उतरून पार तिकडे, कोकणात. पण पावसाळा संपला की धरण काठोकाठ भरलेलं असतं, पाण्यापलीकडे तुंग आणि तिकोना हे गड दिसतात, दुपारचा वारा सुटला की लहान लहान लाटा काठावर येऊन फुटतात. शहरातल्या माणसाला तेवढ्यावर समुद्र वाटत असेल, तर त्याचं काय चुकलं?

आमचं हे गाव तसं जुनं नाही. धरण बांधायला आलेल्या माणसांची ही वसाहत. धरण झालं, बांधणारे निघून गेले, खोल्या राहिल्या. मग आजूबाजूच्या वाड्यांनी तिला आपलं बाजाराचं ठिकाण केलं. कामशेतहून वडापच्या जीपा येतात, त्यात मागे कोंबड्या आणि खताच्या गोण्या, पुढे शाळेतल्या बाई. भात निघालं की सगळीकडे इंद्रायणी तांदळाचा वास. सकाळी पुलाजवळ मासे विकायला बसलेले लोक, कटला आणि चिलापी. सोमवार ते शुक्रवार इतकं शांत, की दवाखान्यातलं मूल रडलं तर स्टँडवर ऐकू येतं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र गाव बदलतं. काठाकाठाने निळे-नारंगी तंबू लागतात, स्पीकर येतात, कोळशाचा धूर उठतो. सोमवारी सकाळी भाताच्या खाचरात बाटल्यांच्या काचा सापडतात. अनवाणी चालायची सवय माझ्या सासूबाईंनी म्हातारपणी सोडली ती त्यापायी. पण याच तंबूंना माझ्या खाणावळीतून भाकऱ्या जातात आणि याच लोकांना स्टँडवरून काठापर्यंत न्यायला जीप लागते, म्हणून आम्ही कुणीच फार बोलत नाही. माझ्या दिरानेसुद्धा आमच्या घरच्या पडीक जमिनीवर, जिथे ती उतरत उतरत पाण्यात जाते तिथे, तंबू टाकले. जेवण माझ्याकडून जायचं.

मी मूळची कुरवंड्याची. लोणावळ्याजवळ, नागफणीच्या कड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं गाव. तिथे लहानपणी आम्हाला भीती घातली जायची ती कड्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा पाणी म्हणजे फक्त बघायची गोष्ट वाटायची. आमचे हे मात्र याच पाण्यात वाढलेले. म्हशीच्या पाठीवर बसून पोहायला शिकले असं सांगतात. पुढे कामशेतच्या रस्त्यावर जीप चालवू लागले तरी पाणी सुटलं नाही. गावात कुणीही बुडालं की पहिली हाक यांना. पोलिसांचाही फोन यायचा. काही माणसं यांनी जिवंत बाहेर काढली. बरीचशी तशी नाही. घरी आले की मागच्या न्हाणीत कढत पाण्याने अंघोळ करायचे, दोन भाकऱ्या खायचे आणि झोपायचे. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आमचं असंच चालायचं.

त्या शनिवारी दुपार कलली होती. थंडीचे दिवस. हे नुकतेच कामशेतहून जीप भरून आले होते आणि माणसं उतरत होती. तेवढ्यात माझ्या फोनवर दिराचा आवाज आला.

"वहिनी, दादाला पाठव. पळत पाठव."

मी रस्त्यात जाऊन ओरडले. यांनी जीपचं दार उघडंच टाकलं, गल्ला कुणाकडे हेही पाहिलं नाही, आणि काठाच्या वाटेने धावत सुटले. एक म्हातारी अजून जीपमध्ये मागे अडकलेली होती. तिला हात देऊन उतरवलं, चूल मंद केली, आणि मीही मागोमाग गेले.

काठावर चार-पाच पोरं भिजून थरथरत उभी होती. चाकणच्या कुठल्याशा कंपनीत एकत्र काम करणारी, सुट्टीला आलेली. त्यांच्यातला एक पाण्यात गेला आणि वर आलाच नाही.

"कुटं गेला? नीट दाखवा," हे ओरडले.

"इथंच. गुडघ्याएवढ्याच पाण्यात होता. खरंच, गुडघ्याएवढ्याच."

दुसऱ्याने वेगळीकडे बोट केलं. तिसरा नुसताच रडत होता. यांनी शर्ट काढून फेकला आणि शिरले. दीर माझ्याशेजारी येऊन पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "मी त्यांना म्हणालतो, पाण्यात जाऊ नका. सकाळी म्हणालतो, वहिनी. जेवताना बी म्हणालतो." तो म्हणाला असेलही. तो सगळ्यांनाच म्हणायचा.

आमच्या जमिनीसमोरचं ते पाणी फसवं आहे. धरण होण्याआधी खाली भाताची खाचरं होती, एकाखाली एक, दगडी बांध घातलेली. पाणी भरलं तरी ते बांध तळाशी तसेच आहेत. काठावरून आत गेलं की बरंच अंतर पाणी गुडघ्याला, मांडीला. माणूस निर्धास्त होतो. मग पाय बांधाच्या टोकावर येतो, पुढचं पाऊल टाकतो, आणि खाली काहीच नसतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वरून बघणाऱ्याला मात्र पाणी सगळीकडे एकसारखं.

हे अंधार पडेपर्यंत बुड्या मारत राहिले. मासेमारीवाले होड्या घेऊन आले, त्यांनी गळ फिरवले. शेवटी काळोखात काही दिसेना तेव्हा त्यांनीच यांना ओढून होडीत घेतलं. ओठ निळे पडले होते.

मुलाची आई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बार्शीकडच्या गावाहून, भावाला बरोबर घेऊन, रात्रभर प्रवास करून. बाई माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. पिवळसर साडी, हातात कापडी पिशवी. नवरा मागेच वारलेला, हा एकुलता एक. कुणीतरी तिला तंबूवाल्यांची प्लास्टिकची खुर्ची दिली, आणि ती त्या खुर्चीत पाण्याकडे तोंड करून बसली. रडली नाही. मी शेजारी मातीत बसले.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ताई, एवढं पाणी कुणाचं हाय?"

मला प्रश्न कळला नाही. म्हटलं, "धरणाचं आहे. इथून पिंपरी-चिंचवडला जातं."

"आमच्याकडं टँकर येतो," ती म्हणाली. "त्याला पवायला येत नव्हतं. शिकणार कुठं?"

लोणावळ्याहून शोध घेणारी पोरं आली होती, दोर, टायर, कॅमेरा घेऊन. त्यांच्याबरोबर हेही उतरले. रविवार होता. पलीकडच्या काठाला गाणी वाजत होती आणि वाऱ्यावरून ती सरळ आमच्यापर्यंत येत होती. तिचा भाऊ एकदा उठून म्हणाला, "त्यांना कुणी सांगत का नाही?" एक मासेमारीवाला होडी वल्हवत जाऊन सांगून आला. गाणी थांबली. थोड्या वेळाने दुसऱ्याच तंबूंकडून सुरू झाली. मग कुणी गेलं नाही.

मी तिला आमच्या घरी आणलं. दोन दिवस ती आमच्याकडे राहिली. भाऊ ओसरीवर, ती आत माझ्याजवळ. घासभर खायला तिला फार विनवावं लागायचं. चहा मात्र दिला की घ्यायची, दोन्ही हातांनी कप धरून. एकदा मी भाकऱ्या थापत होते आणि ती दाराशी बसून बघत होती.

"पोरांनी त्या दिवशी काय खाल्लं?" तिने विचारलं.

"माझ्याकडूनच गेलं होतं. पिठलं, भाकरी, ठेचा." मग मला त्या पोरांपैकी एकाने सांगितलेलं आठवलं. "ठेचा संपला म्हणून त्यानंच परत मागून घेतला होता. तंबूतून फोन आला होता मला."

तिच्या चेहऱ्यावर हसल्यासारखं काहीतरी आलं. "तिखट लय आवडतं त्याला," ती म्हणाली.

मी भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ फिरवली. मला तिच्याकडे बघवेना.

यांनी ते सगळे दिवस पाण्यात काढले. जीप स्टँडवर तशीच उभी. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा तिच्यासमोरून आत जावं लागायचं, आणि हे मान खाली घालून जायचे. दुसऱ्या संध्याकाळी तिने त्यांना थांबवलं.

"दादा, तुमी आता जाऊ नका. लय गार पाणी हाय. तुमच्या घरी पण माणसं हायेत."

हे उभे राहिले. ओले कपडे, अंगाला चिखल. "ताई, मी आनतो त्याला," एवढं बोलले आणि आत गेले.

पण आणलं यांनी नाही. पुढच्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मासेमारीवाल्याला तो वर आलेला दिसला. काठापासून फार लांबही नव्हता. बांध जिथे संपतो त्याच्या अगदी लागून, पलीकडच्या अंगाला. मित्रांनी बोट दाखवलं होतं त्याच्यापेक्षा बराच जवळ. सगळे खोल पाण्यात शोधत होते. यांनी आणि त्या मासेमारीवाल्याने मिळून त्याला काठावर आणलं. मी घरातली चादर नेली. पोलीस आले, पंचनामा झाला, गाडी आली. आईने त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला, ओले केस मागे सारले, आणि मग तिच्या भावाने तिला गाडीत बसवलं. जाताना तिने माझा फोन नंबर मागून घेतला. इतक्या गडबडीत तिला ते सुचलं याचं मला तेव्हा नवल वाटलं.

हे घरी येऊन न्हाणीत गेले. मी पाणी तापवून ठेवलं होतं. बराच वेळ तांब्याचा आवाज आला नाही म्हणून मी दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "मी त्याच्यावरूनच पवत होतो, अगं. येताना-जाताना. माज्या पायाखाली होतं ते पोरगं."

"तुम्हाला कसं कळणार? पोरांनी जागा चुकीची दाखवली."

"मला बांध म्हाईत हाय. पोरांना न्हाई म्हाईत. मला हाय."

एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात काहीतरी बदललं. यांनी मासे खायचं सोडलं. ते मी समजू शकले. मग काठाच्या रस्त्याने भाडं आलं तर घ्यायचे नाहीत, दुसऱ्या जीपवाल्याला द्यायचे. अंघोळीला बसले की डोक्यावरून पाणी घेताना डोळे उघडे ठेवायचे. पाण्यासारखं पाणी, रोज अंगावर घेणारा माणूस, आणि आता तांब्या हातात धरून बघत बसलेला. मी कामशेतच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं. म्हणाले, "मला काय झालंय? जीप चालवतो, जेवतो." दोन्ही खरं होतं.

दिराचे तंबू काही दिवस बंद राहिले. पोलिसांनी जबाब घेतला, गावात बोभाटा झाला तसा विरूनही गेला. संक्रांत झाली आणि पुन्हा तंबू लागले. माझ्याकडे जेवणाचं सांगायला दीर आला तेव्हा मी म्हटलं, "थोडं थांबायचं." तो म्हणाला, "वहिनी, आपण बंद केलं तर लोक यायचे थांबनार हायेत का? शेजारी जातील. शेजारी तर कुनी सांगत बी न्हाई, पाण्यात जाऊ नका म्हनून." त्याचंही चूक नव्हतं. मी भाकऱ्या पाठवल्या. भाकरी थापताना दर वेळी वाटायचं, आज कुणी ठेचा परत मागू नये.

शिमग्याच्या सुमाराला ते दुसरं घडलं. दुपारी हे स्टँडवर जीप लावून पॅसेंजरची वाट बघत होते. एक जण मोटारसायकलवरून आला आणि रस्त्यातूनच ओरडला, "भाऊ, चला! पलीकडं होडी उलटली, पोरी पाण्यात हायेत!"

मी खाणावळीच्या दारातून बघत होते. हे जीपमध्ये चढले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. किल्ली लावलेलीच होती. पण जीप सुरू झाली नाही. तो मोटारसायकलवाला पुन्हा ओरडला, "भाऊ!" हे समोर काचेकडे बघत बसले. मी धावत जाऊन खिडकीशी उभी राहिले. किल्लीकडे त्यांचा हात गेलाच नाही. मोटारसायकलवाला शिवी हासडून निघून गेला.

पोरी वाचल्या. मासेमारीवाल्यांनी सगळ्यांना वर घेतलं, एकीला फक्त दवाखान्यात नेलं, तीही संध्याकाळी पुण्याला परत गेली. म्हणजे कुणाचंच काही बिघडलं नाही. पण गावात बोलायचं ते लोक बोललेच. चहाच्या टपरीवर एक जण हसत म्हणाला, "तुज्याबिगर बी काम झालं की, भाऊ." त्याच्या मनात वाईट नव्हतं. हेही सगळ्यांबरोबर हसले. घरी आले आणि ताट समोर घेऊन बसून राहिले. सासूबाई म्हणाल्या, "जेव की रं." हे उठून मागच्या अंगणात गेले.

या सगळ्या महिन्यांत तिचे फोन यायचे. बार्शीच्या त्या बाईचे. पहिला आला तेव्हा मला वाटलं, काही कागदपत्रं हवी असतील. ती आधी सगळ्यांचं विचारायची. सासूबाईंचं, यांचं, भाताचं. मग थोडं थांबून विचारायची, "ताई, पाणी किती हाय आता?"

"आहे अजून. थोडं उतरलंय."

"बरं," म्हणायची आणि फोन ठेवायची.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग मला सवय लागली. तिचा फोन यायची वेळ झाली असं वाटलं की मी दुपारी जेवणं आवरून काठावर जाऊन बघून यायची. पाणी किती मागे गेलं, कुठला दगड उघडा पडला. तिला नीट सांगता यावं म्हणून. ती का विचारते हे मी विचारलं नाही. एकदा यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "काय विचारतात त्या?"

"पाणी किती आहे ते."

हे उठून दाराशी गेले. मग म्हणाले, "बांध उघडा पडंल वैशाखात. तवा सांग त्यांना."

मी सांगितलं. वैशाखात ती आली. या वेळी एकटीच, एसटीने, बदलत बदलत. स्टँडवर उतरली आणि सरळ माझ्या दाराशी आली. थकलेली होती, पण पहिल्यापेक्षा तिच्या चेहऱ्यावर जाग होती. मी भाकरी वाढली, ती जेवली. मग म्हणाली, "मला तिथं जायचंय."

मी हात धुऊन निघणार तेवढ्यात हे आतून आले. पायात चपला घातल्या. "मी दावतो," म्हणाले. त्या काठाकडे त्यांनी कित्येक महिन्यांत पाऊल टाकलेलं नव्हतं.

आम्ही तिघं चालत गेलो. उन्हाळ्यात आमचं धरण ओळखू येत नाही. जिथे लाटा होत्या तिथे तडकलेली माती, मध्येच हिरवं गवत, त्यात चरणाऱ्या म्हशी. पाणी पार लांब, एका पट्ट्यासारखं. हे पुढे, ती मागे, मी तिच्या शेजारी. चालता चालता तिने विचारलं, "आपन पाण्यात आलो का?"

"व्हय, ताई. हितं दिवाळीला मांडीएवढं असतं," हे म्हणाले.

मग बांध आला. काळे दगड, एकावर एक रचलेले, चिखलाने माखलेले. हे त्याच्या टोकाशी थांबले. पलीकडे खालचं खाचर होतं. बांधावरून खाली उतरायला हात टेकावा लागेल एवढंच खोल, पुरुषभर.

तिने खाली वाकून पाहिलं. "एवढंच?" ती म्हणाली.

"व्हय."

"एवढ्यात गेला?"

ती बांधावरच बसली, पाय खाली सोडून. मग तशीच सावकाश घसरत खाली उतरली, खाचरात उभी राहिली. तिचं डोकं बांधाच्या कडेला लागत होतं. तिने दगडांवरून हात फिरवला. तेव्हा ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने, दगडांना कपाळ टेकून. लांबवरच्या म्हशींनी मान वर केली. मी खाली उतरून तिला धरलं. हे वर उभे होते, मग तेही बसले, डोकं गुडघ्यात घालून.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि वर बघून विचारलं, "दादा, हे शेत कुनाचं होतं?"

"आमच्याच भावकीतलं. धरणात गेलं. चुलतआजा हितं भात लावायचा म्हनतात."

"चांगली माती हाय," ती म्हणाली. मूठभर उचलून तिने ती बोटांत कुस्करून पाहिली.

परत येताना तिने यांना विचारलं, "तुमी आता जात न्हाई म्हनं पाण्यात. ताईंनी सांगितलं."

मी हे कधी सांगितलं मला आठवत नव्हतं. एखाद्या फोनवर बोलून गेले असेन.

"न्हाई जमत," हे म्हणाले.

"नका जाऊ मग," ती म्हणाली. "कुनी बोललं तरी नका जाऊ. माझ्या लेकराला आनायला तुमी गेलता. तेवढं बास झालं."

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. यांनीच तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून कामशेतपर्यंत सोडलं. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. आता सणाला येतो, आणि पाण्याचं विचारत नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी हे सकाळी कोयता घेऊन बाहेर पडले आणि दुपारी जीपवर लांबलचक बांबू लादून आले. दोन मासेमारीवाले बरोबर. त्या बांधाच्या कडेने त्यांनी बांबू रोवले, दगडांत पक्के ठोकून, वरच्या टोकांना लाल फडकी बांधून. पाणी भरलं तरी वर दिसतील एवढे उंच. दीर बघायला आला.

"दादा, हे काय लावलंस? लोक विचारतील, हितं काय झालंय?"

"विचारू दे. सांग."

"सांगू काय? असं सांगितल्यावर कोण राहील हितं?"

"मंग नको राहू दे."

दीर पाय आपटत गेला. आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण बांबू त्याने उपटले नाहीत, हेही मला सांगायला हवं.

पावसाळ्यात पाणी चढलं. निम्मे बांबू वाहून गेले, निम्मे टिकले. दिवाळीनंतर तंबू लागले तेव्हा ते पाण्यातून वर डोकं काढून उभे होते, फडकी विटून गुलाबी झालेली. तंबूत आलेली माणसं विचारायची आणि दीर सांगायचा, मासेमारीवाल्यांच्या खुणा आहेत.

त्या मोसमातल्या एका शनिवारी मी जेवणाची पातेली द्यायला काठावर गेले होते. चार-पाच पोरं कपडे काढून पाण्यात उतरत होती आणि हसत एकमेकांना सांगत होती, "त्या काठीला हात लावून जो आधी परत येईल तो जिंकला." मी पातेलं तिथेच ठेवलं आणि ओरडायला लागले. पोरांना आधी वाटलं, बाईला काहीतरी झालं. मग ती थांबली. मी त्यांना सगळं सांगितलं. बांध, खोल पाणी, बार्शीचा मुलगा. दीर लांबून बघत उभा होता. त्याने मला अडवलं नाही. पोरं काठावर येऊन बसली. त्यांच्यातल्या एकाने शर्ट घालत विचारलं, "काकू, मग काठ्या लावल्याच कशाला? लांबून बघून तर तिथपर्यंत जावंसंच वाटतं."

घरी येऊन मी यांना ते सांगितलं. हे उठले आणि माळ्यावरचा जुना दोर काढून तपासायला लागले.

आता शनिवारी दुपारी शेवटची फेरी झाली की हे जीप काठावर नेऊन लावतात. पाण्यात उतरत नाहीत. टपावर दोर आणि टायर बांधलेलं असतं, गळ्यात शिट्टी. पोरं काठ्यांच्या दिशेने निघाली की शिट्टी वाजवतात. कुणी ऐकतं, कुणी हात हलवून हसतं. दिराचं आणि यांचं त्यावरून अजून खटकतं. मी संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन जाते आणि दोघं जीपमध्ये बसून जेवतो. समोर पाणी असतं. हे घास खाता खाता एकदम थांबतात, पाण्याकडे बघतात, आणि मीही बघते, कुणी आत गेलंय का ते.